डावीकडची शिवण

मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे. पँटीला घालायचा नव्हे, आणि खोडकर मुलांना दाखवायचा तर मुळीच नव्हे. मी माणूस धरून ठेवणारा पट्टा आहे. ज्यांच्या मेंदूला मार बसला आहे, ज्यांचे पाय त्यांचेच असून त्यांचे ऐकत नाहीत, अशा माणसांना एका लांबट, पांढऱ्या खोलीत पुन्हा चालायला शिकवतात. माझे सगळे आयुष्य त्या खोलीत गेले. माणसाच्या छातीभोवती आणि कमरेभोवती मला आवळतात. माझ्यावरून दोन बंद वर जातात, एक डाव्या खांद्यावरून आणि एक उजव्या. ते छताजवळच्या लोखंडी दांडीला हुकाने अडकवतात. मग चालता चालता माणसाचा तोल गेला तरी तो जमिनीपर्यंत पोहोचत नाही. मध्येच माझ्या कुशीत लटकतो.

आज तुम्हाला जे सांगणार आहे ते भीतीचे आहे. घाबरू नका, असे मी म्हणणार नाही. मी स्वतः फार घाबरलो होतो, आणि माझ्या त्या भीतीचे काही चुकले नव्हते, असे मला अजूनही वाटते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. ओळीने शिलाईची यंत्रे होती, आणि त्यांच्या खडखडाटात कुणाला कुणाचे बोलणे ऐकू जात नसे. मला शिवणारी बाई मध्यमवयीन होती. पट्ट्याला बंद जिथे जोडतात तिथे ती आधी चौकोन शिवायची आणि चौकोनाच्या पोटात फुली मारायची. सगळा भार त्या फुलीवर येतो. फुली मारून झाली की ती यंत्र थांबवायची, बंद दोन्ही हातांनी धरून जोर लावून ओढायची आणि शिवणीवरून अंगठा फिरवायची. इतर बायका तिला हसायच्या. "अगं, लेकराला न्हाऊ घालतेस की काय?" म्हणायच्या. ती नुसती मान हलवायची. मला पेटीत ठेवताना तिने पुटपुटून म्हटले होते, "जा बाबा. कुणाला पाडू नकोस."

मला वाटते, माणसांना जसा एखादा नेम मिळतो, तसा मला तो मिळाला. कुणाला पाडायचे नाही. त्याखेरीज मला दुसरे काही येत नव्हते आणि यायला हवेही नव्हते.

त्या पांढऱ्या खोलीत मी आलो तेव्हा माझे मोठे कौतुक झाले. खोलीची मुख्य होती व्यायाम शिकवणारी डॉक्टर. वयाने लहान, चणीने लहान, पण आवाज असा की भिंतीला टेकून झोपलेला माणूस ताठ उभा राहील. तिला सगळे ताई म्हणत. रोग्यांना उचलणे, बसवणे, मला त्यांच्या अंगावर बांधणे हे काम मामांचे होते. मामा म्हणजे कुणाचे मामा नव्हेत. तिथल्या वृद्ध मदतनिसाला सगळे मामाच म्हणायचे. मामा सकाळी खोली उघडली की उंबऱ्याशी क्षणभर हात जोडून उभे राहत आणि मगच दिवे लावत. मला ते फार आवडायचे.

खोलीत एक ट्रेडमिल होती. मामा तिला 'सरकता रस्ता' म्हणत. आणि एक चष्मा होता, डोळ्यांपुढे डबा बांधल्यासारखा जाडजूड. तो घातला की माणसाला ही खोली दिसत नाही. त्याला दिसते एखादी गल्ली, बाग, पूल. पाय सरकत्या रस्त्यावर चालतात आणि डोळ्यांना वाटते आपण गल्लीतून चाललो आहोत. त्या आभासी जगात चालून चालून मेंदूला खऱ्या जगात चालायची वाट पुन्हा सापडते, असे ताई सांगायची. मला ती गल्ली कधी दिसली नाही. मला फक्त चालणाऱ्याची छाती कळायची. चष्म्यातल्या पुलावर पाऊल ठेवताना बरगड्या कशा आखडतात, श्वास कसा घशाशी अडकतो, हे मला बाहेरच्या कुणाहीपेक्षा आधी कळायचे.

आणि समोरच्या भिंतीवर एक लांबलचक पाटी होती. तिच्यावर एका ओळीत लिहिले होते, 'थांबा. पट्टा तपासा. मग चाला.'

सुरुवातीला मामा त्या पाटीबरहुकूम वागत. प्रत्येक रोग्याला थांबवायचे, माझ्या दोन्ही शिवणींवरून बोट फिरवायचे, बंद ओढून बघायचे, मग ताईला खूण करायची. मला त्या बोटांत मला शिवणाऱ्या बाईचा अंगठा आठवायचा.

एकदा एक निवृत्त मास्तर सरकत्या रस्त्यावर घसरले. रस्त्यात गाडीने उडवल्यापासून त्यांचा एक पाय फरफटायचा. पाय दुमडला, देह कोसळला आणि मी त्यांना धरले. ते खाली गेलेच नाहीत. लटकलेल्या अवस्थेत त्यांनी माझ्यावर हात ठेवला आणि रडवेल्या आवाजात म्हणाले, "यानं धरलं हो मला. यानं धरलं."

त्या दिवसापासून खोलीत एक वाक्य रूढ झाले. कुणी पाऊल टाकायला घाबरले की मामा म्हणायचे, "पट्टा आहे ना." ताई म्हणायची, "घाबरायचं काय त्यात, पट्टा आहे ना." रोग्यांचे नातेवाईकही एकमेकांना तेच सांगायचे. मीही फुशारलो. माझ्या नावाने माणसे धीर धरतात, याचे मला केवढे अप्रूप. पण हळूहळू माझ्या लक्षात आले, की ते वाक्य बोलताना आता माझ्याकडे कुणी बघत नाही. मामा मला बांधता बांधता पाटीकडे पाठ करूनच एका दमात म्हणत, "थांबापट्टातपासामगचाला, हं, चला." बोटे तोवर दुसऱ्याच बकलात गुंतलेली असत. नेम तोंडात राहिला होता, हातातून गेला होता.

रोज दुपारी काम संपले की मला भिंतीवरच्या खुंटीला लटकवत. ती खुंटी लोखंडी होती आणि तिच्या टोकाला एक बारीक कंगोरा आला होता. मामा मला नेहमी डाव्या बंदाने अडकवायचे, कारण दारातून येताना तोच हाताला लागायचा. कंगोरा बरोबर फुलीवर घासायचा. एक दिवस, एक आठवडा, असे काही नाही, घासतच राहिला. माझी उजवी शिवण नव्यासारखी राहिली आणि डावीकडची आतून विरत चालली.

खोलीतल्या कपाटात एक नवा पट्टा येऊन पडला होता, प्लॅस्टिकच्या पिशवीत. ताई एकदा म्हणाली, "मामा, तो नवा काढायचा का?" मामा म्हणाले, "कशाला ताई, चांगला आहे की हा. नवा काढला की मळणार. राहू दे, लागेल तेव्हा काढू." ताईलाही ते पटले. नव्या वस्तू जपून ठेवायच्या आणि जुन्या फाटेपर्यंत वापरायच्या, ही सवय घरोघरी असते. तिच्यात वाईट काही नाही. पण माझ्या अंगावर माणसे लटकत होती.

अशात पेंटरबाई आल्या.

त्या दुकानांच्या पाट्या रंगवायच्या. हाताने, ब्रशने, शिडीवर चढून. एका दुकानाचे नाव रंगवताना शिडी सरकली आणि त्यांच्या डोक्याची उजवी बाजू फरशीवर आपटली. जीव वाचला. पण डावा पाय आणि डावा हात दुबळे झाले. आणि त्याहून एक विचित्र गोष्ट घडली. मित्रांनो, त्यांचे डोळे शाबूत होते, पण डावीकडे काही असते, हेच त्यांचा मेंदू विसरला होता. ताटातले उजव्या अर्ध्यातले जेवायच्या आणि म्हणायच्या, "संपलं." डावीकडचे तसेच राहायचे. केस विंचरायच्या ते उजव्या बाजूचेच. डाव्या हाताला कुणी बसले तर त्यांच्या लेखी तिथे कुणीच नसायचे.

पहिल्या दिवशी मला त्यांच्या अंगावर बांधले तेव्हा त्यांची छाती चिमणीच्या छातीसारखी थरथरत होती. शिडीवरून पडलेल्या माणसाला जमीन कायमची खोल वाटते.

"काकू, समोरची पाटी वाचा बघू," ताई म्हणाली.

"मग चाला," पेंटरबाईंनी वाचले.

"अजून काही?"

"एवढंच तर आहे. आणि अक्षर कुणाचं हो हे? त्या 'च'चं पोट बघा, जेवून उठल्यासारखं सुटलंय."

डावीकडच्या स्टुलावर त्यांचे यजमान बसले होते. ते हसले. "डोकं फुटलं, तरी दुसऱ्याच्या पाटीला नावं ठेवायचं काही सुटलं नाही हिचं."

बाईंनी मान उजवीकडे वळवून शोधले. "कोण बोललं? हे आलेत का?"

"अगं, इथंच आहे मी. तुझ्या डाव्या हाताला."

"मग समोर या ना. चोरासारखे आडून काय बोलताय?"

काका उठायला लागले तशी ताईने त्यांना खुणेने बसवले. "तिथेच बसा काका. रोज तिथेच. त्यांनीच वळायला हवं." मग आवाज उतरवून ती म्हणाली, "हे डावलणं आहे. त्या मुद्दाम नाही करत. त्यांच्या मेंदूनं डावी बाजू डावललीय."

काका म्हणाले, "भांडली असेल हो माझ्याशी, अबोला धरला असेल. पण डावललं नव्हतं कधी."

मी तो शब्द ऐकला आणि माझ्या विरलेल्या शिवणीत काहीतरी हलले. जे डावीकडे टाकले ते डावलले. माझीही डावीकडचीच बाजू होती.

मग रोजचा व्यायाम सुरू झाला. चष्म्यात एक गल्ली लागायची. तिच्या डाव्या हाताच्या घरांत मधूनच दिवा लागायचा आणि दिव्याबरोबर घंटी किणकिणायची. बाईंनी मान वळवून तो शोधायचा आणि "दिवा" म्हणायचे. पहिले कितीतरी दिवस घंटी नुसती वाजून विझायची. बाई सरळ चालत राहायच्या. ताई म्हणायची, "काकू, डावीकडे." बाई म्हणायच्या, "आहे की डावीकडेच बघत," आणि उजवीकडे बघत असायच्या. घरी जाताना काका म्हणत, "आज मी आलो होतो, बरं का." बाई म्हणत, "काही सांगू नका, मला नाही दिसलात."

पण मेंदू म्हणजे देवाने फार धीराने केलेले काम आहे. एके दिवशी घंटी वाजली आणि बाईंची मान, गंजलेले दार कुरकुरत उघडावे तशी, थोडी डावीकडे सरकली. "दिवा," त्या पुटपुटल्या. ताईने टाळी वाजवली. मामांनी सगळ्यांना चहा पाजला.

ताई रोज व्यायामाआधी त्यांना समोरची पाटी वाचायला लावायची. किती डावीकडचे दिसते ते तिला तेवढ्यात कळायचे. आधी 'मग चाला' होते. काही दिवसांनी बाईंनी वाचले, "तपासा. मग चाला." ताई हरखली. पुढे एक दिवस पापण्या आवळून, मान लांबवून त्यांनी वाचले, "पट्टा तपासा. मग चाला."

"शाब्बास काकू," ताई म्हणाली. काकांनी डोळे पुसले. मामा म्हणाले, "आता एकच शब्द राहिला ताई, तोही येईल."

'पट्टा तपासा' हे शब्द खोलीत मोठ्याने वाचले गेले होते, आणि पट्टा कुणी तपासला नाही. किती शब्द दिसले ते सगळ्यांनी मोजले. काय लिहिले आहे ते कुणी ऐकलेच नाही. मला ओरडावेसे वाटले. पण पट्ट्याला तोंड नसते.

त्याच दिवशी डावीकडच्या फुलीतला पहिला धागा तुटला. 'टक्' असा आवाज झाला, एवढासा, नखाने नख मोडावे तसा. ट्रेडमिलच्या घरघरीत तो विरून गेला. माझ्या अंगातून मात्र गार लहर गेली. भीती अशी असते हे मला त्या दिवशी कळले. आजवर मी दुसऱ्यांच्या भीतीला मिठी मारून बसायचो. आता ती माझी स्वतःची होती, आणि तिला धरणारे कुणी नव्हते.

मला जे जमेल ते मी केले. डावीकडून सैल पडलो, म्हणजे कुणी बघेल. ताईने ते पाहिले. "मामा, हा डावीकडून सैल होतोय," ती म्हणाली. मी मनोमन हात जोडले. मामा आले, आणि त्यांनी शिवणीकडे न बघता बकल आणखी एक घर घट्ट ओढले. माझ्या फुलीतले आणखी दोन धागे त्या ओढीने तुटले. मदत मागितली की तीच ओढ आणखी वाढते, हे पाहून मी पुन्हा तसे केले नाही. त्यानंतर मी नुसता श्वास रोखून राहिलो, पट्ट्याला श्वास असलाच तर.

एका सकाळी ताई काकांना खिडकीशी घेऊन गेली. मी खुंटीवर होतो, मला ऐकू आले.

"उद्या पूल करू या काका. चष्म्यात पूल असतो, खाली नदी. हा रस्ताही चढउतार करतो. तो त्यांनी नीट पार केला, की घरी चालायला परवानगी देता येईल."

"पडणार नाही ना?"

"पडू द्यायचंच नाही," ताई म्हणाली. तिचा नेहमीचा खणखणीत आवाज या वेळी उतरला होता. "डोक्याला दुसरा मार नको काका. पहिल्यातून त्या परत येताहेत. दुसरा बसला तर…" तिने वाक्य सोडून दिले. मग नेहमीसारखी म्हणाली, "पण पट्टा आहे ना."

ते वाक्य मला त्या दिवशी शिवीसारखे लागले.

रात्रभर तो कंगोरा माझ्या फुलीवर टेकून होता.

दुसऱ्या दिवशी मामांनी मला बाईंच्या अंगावर बांधले. "थांबापट्टातपासामगचाला, हं." बाईंना पुलाचे कळले होते. त्यांची छाती इतक्या जोरात धडधडत होती की माझे बकल किणकिणत होते. ताईने पाटी वाचायला सांगितली. भीतीने त्यांची मान पुन्हा उजवीकडेच ओढली जात होती. "तपासा. मग चाला," त्या म्हणाल्या.

"असू दे, आज थोडं कमी. ताण आलाय," ताई म्हणाली. "चष्मा घालू या."

चष्मा चढला. रस्ता सरकू लागला.

"काय दिसतंय काकू?"

"पूल. ताई, कठडा फार बुटका आहे हो."

"आभास आहे तो. खाली फरशी आहे, आणि पट्टा आहे ना."

पहिला चढ लागला. बाईंचा डावा पाय जरा फरफटला, देह डावीकडे कलला आणि सगळा भार माझ्या डाव्या बंदावर आला. टक्. मी उजव्या बाजूने जितके ओढून धरता येईल तितके धरले. त्या सावरल्या. पुलावर दिवे होते. घंटी वाजली. बाईंनी मान वळवली, "दिवा." पुन्हा भार. टक्. फुलीची एक तिरपी रेघ आता गेली होती. चौकोनाचे धागे तेवढे उरले होते. माझ्या मनात त्या कारखान्यातल्या बाईचे शब्द घोळत होते, कुणाला पाडू नकोस, कुणाला पाडू नकोस. जपासारखे मी ते म्हणत होतो. सरकत्या रस्त्याच्या डावीकडे लोखंडी कठडा होता, खरा, आणि बाई कलंडल्या असत्या तर कपाळ नेमके त्याच्या कडेवर आले असते.

टक्.

"ताई," बाई म्हणाल्या, "डावीकडे काहीतरी वाजलं."

"वा! दिवा दिसला?"

"दिवा नाही. घंटी पण नाही. वाजलं काहीतरी."

ताईने तिच्या पडद्यावर बघितले. पुलावर त्या क्षणी दिवा लागलेला नव्हता. "काही नाही काकू, चाला. छान चाललंय. पुलाच्या मध्यावर आलात."

"नाही. डावीकडे आहे. मला कळतंय आता डावीकडचं." बाईंचा आवाज कापत होता, पण त्यात हट्ट होता, पाटी रंगवताना गिऱ्हाइकापुढे धरतात तसा. "थांबा."

मित्रांनो, पाटीवरचा तो एकच शब्द त्यांना कधी दिसला नव्हता. तो त्यांनी आपल्या तोंडाने म्हटला.

"काकू, मधेच थांबलं तर पुन्हा पहिल्यापासून…"

"थांबा म्हटलं ना मी."

ताईने बटण दाबले. रस्ता थांबला. बाईंनी एका हाताने चष्मा कपाळावर ढकलला. मग त्यांनी जे केले ते करायला ताई त्यांना कितीतरी दिवस शिकवत होती. उजवा हात छातीवरून पलीकडे नेला, डावीकडे, आणखी डावीकडे, जिथे आजवर त्यांच्यासाठी जगच नव्हते. मानही त्या हातामागून गेली. त्यांची बोटे माझ्या डाव्या खांद्यावर आली, फुलीवर थांबली आणि सुटलेल्या धाग्यांवरून फिरली. इतक्या वर्षांनी तिथे कुणाचे तरी बोट फिरले.

"ताई," त्या हळूच म्हणाल्या, "हे उसवलंय."

तेवढ्यात त्यांचा थकलेला डावा गुडघा दुमडला. मी धरले, देवाशपथ धरले, पण शेवटचे धागे तेवढ्या भाराचे नव्हते. डावा बंद फर्रकन सुटून वर छताकडे गेला. मी एका खांद्यावर तिरपा लोंबकळलो आणि बाईंचे डोके त्या लोखंडी कडेकडे झुकले.

डावीकडच्या स्टुलावर काका बसलेले होते. रोज तिथेच बसा, असे त्यांना सांगितले होते. ते उठले कधी आणि पुढे आले कधी, मला कळले नाही. बाईंचे डोके कठड्यावर आपटायच्या आत त्यांच्या दंडावर आले. काकांचे कोपर कठड्यावर सडकून आपटले. ताई आणि मामा धावले. त्यांनी बाईंना अलगद खाली बसवले.

बाईंनी मान वळवून, अगदी पूर्ण वळवून, काकांकडे पाहिले.

"आहात होय इथे," त्या म्हणाल्या.

"कधीचाच आहे."

"दिसला नाहीत."

"आता?"

"आता दिसताय. दाढी एका बाजूला राहिलीय तुमची."

काका हसायला गेले आणि त्यांना रडू आले. मग बाईंनी भिंतीकडे पाहिले आणि कुणी न सांगता, डावीकडच्या टोकापासून वाचले, "थांबा. पट्टा तपासा. मग चाला."

या वेळी कुणी टाळी वाजवली नाही. मामा जमिनीवर बसले होते. त्यांनी मला बाईंच्या अंगावरून सोडवून मांडीवर घेतले होते आणि विरलेल्या फुलीवरून अंगठा पुन्हा पुन्हा फिरवत होते. ताई पांढरीफटक पडली होती. ती बाईंसमोर गुडघ्यांवर बसली आणि म्हणाली, "काकू, रोज तुमच्याकडून हीच पाटी वाचून घेत होते मी."

"मग त्यात काय," बाई म्हणाल्या. "पाटी रोज दिसायला लागली की कुणी वाचत नाही. आमच्या धंद्यात हे माहीत असतं. म्हणून तर दर थोड्या वर्षांनी नवा रंग देतात."

त्यानंतर ताईने कात्री आणली. मी घाबरलो. माझी शिवण पुन्हा घालतील, अशी मला वेडी आशा होती. पण ज्या पट्ट्याने एकदा सोडले, त्याच्यावर पुन्हा माणूस टांगायचा नसतो. चुकूनही कुणी मला वापरू नये म्हणून ताईने माझा उरलेला बंदही मुळातून कापला. उजवा तर धडधाकट होता. कात्री चालली तेव्हा दुखले. पण माझा नेम आठवला आणि वाटले, आता माझ्या हातून कुणी पडणे शक्यच नाही. एवढ्यावर मी शांत झालो.

नवा पट्टा प्लॅस्टिकमधून बाहेर आला. खुंटीही काढून टाकली. पेंटरबाईंनी पूल पुढे केव्हातरी पार केला. घरी जायच्या आधी त्यांनी एक काम मागून घेतले. खाली बसूनच, उजव्या हाताने, डाव्या हाताने रंगाचा डबा कसाबसा धरून, त्यांनी नवी पाटी लिहिली. शब्द तेच, पण एका ओळीत नव्हे, एकाखाली एक, म्हणजे कुठलाच शब्द कुणाच्या डावीकडे पडणार नाही. सगळ्यात वर, सगळ्यात मोठे, 'थांबा'.

"आता मी चाचणी कशावर घेऊ?" ताई म्हणाली.

"जुनी पाटी आहे की," बाई म्हणाल्या. "तो ढेरपोट्या 'च' नाहीतरी दुसऱ्या कशाच्या कामाचा नाही."

आता मी दाराजवळ हाताच्या उंचीवर टांगलेला असतो, फाटकी शिवण वर करून. मामा सकाळी उंबऱ्याशी हात जोडतात, आत येतात आणि आधी माझ्या तुटक्या फुलीवर बोट ठेवतात. मग नव्या पट्ट्याच्या दोन्ही फुल्यांवर. ओठ हलवत नाहीत, बोटेच चालवतात. प्रत्येक रोग्याचे बोटही ते माझ्यावरून फिरवतात आणि सांगतात, "असं लागलं, तर ओरडायचं." मला भीती अजून वाटते. नव्या पट्ट्याचा आवाज ऐकायला मी दिवसभर कान लावून असतो.

मित्रांनो, तुम्हाला ज्यांनी धरून ठेवले आहे, त्यांच्याकडेही अधूनमधून बघत जा. शाळेच्या जिन्याचा कठडा असेल, झोक्याची साखळी असेल, घरातले एखादे माणूस असेल. ते 'आहे ना' म्हणून त्याच्याकडे पाठ फिरवू नका. त्याला तोंड असेलच असे नाही. पुढे जाण्याआधी क्षणभर थांबा, आणि जिकडे सहसा तुमची मान वळत नाही, तिकडे हात नेऊन बघा.